शेजाऱ्याच्या कर्जाचा तगादा

१९९७ सालच्या जून महिन्यात भिलाई-दुर्गच्या मोहन नगरातल्या एखाद्या कुटुंबप्रमुखाला जर कुणी सांगितले असते, की समुद्रापलीकडच्या बँकॉक शहरातील वित्तसंस्थांनी उचललेल्या डॉलरच्या कर्जाचा आणि भिलाईच्या कारखान्यातील आपल्या चिरंजीवाच्या नोकरीचा काही एक संबंध आहे, तर त्या गृहस्थाला ते पटवून देणे फार कठीण गेले असते. कारण थायलंड हा देश आपल्या नित्याच्या व्यवहारात जवळजवळ नव्हताच, आणि भिलाईचे पोलाद मुख्यतः आपल्याच रेल्वेला, आपल्याच धरणांना आणि पुलांना लागत होते. परंतु त्यानंतर दोन वर्षांच्या आत, म्हणजे १९९८-९९ च्या हिशेबात, ज्या स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘सेल’च्या, छत्राखाली हा कारखाना चालतो, तिला १,५७४ कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला, पुढल्या वर्षी तो १,७२० कोटींवर गेला, आणि २००३-०४ साल उजाडेपर्यंत तिच्या ताळेबंदात नफ्याचा आकडा उमटला नाही. या तोट्याची सगळी कारणे पूर्वेकडून आलेली नव्हती. जुन्या भट्ट्यांच्या आधुनिकीकरणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज होते, गरजेपेक्षा फुगलेला नोकरवर्ग होता, देशातल्याच मागणीला आलेली मरगळ होती. तरीही जगाच्या बाजारात पोलादाचा भाव ज्या वेगाने घसरला, त्या घसरणीचा उगम शोधत मागे जाऊ लागले, म्हणजे पाऊल अखेरीस बँकॉकच्या उंबरठ्याशीच येऊन थांबते.

भारतासारखा खंडप्राय देश असा धक्का सोसू शकतो. सेलचा तोटा कितीही मोठा असला, तरी त्यामुळे राज्यकारभार उलथला नाही की रुपयाला कुणी विचारीनासे झाले नाही. ज्यांच्या आर्थिक जीवनाचा पसाराच लहान, ज्यांची तिजोरी उथळ आणि ज्यांचे शेजारी त्यांच्यासारखेच दुबळे, अशा राष्ट्रांवर तीच आपत्ती कोसळते तेव्हा काय घडते, हा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे, आणि दक्षिण आशियात राहणाऱ्या आपणां सर्वांना तो अभ्यासण्याजोगा वाटला पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

थायलंडची हकीकत आधी पाहू. त्या देशाने आपले चलन, म्हणजे बाट, वर्षानुवर्षे डॉलरशी जवळजवळ जखडून ठेवले होते. एका डॉलरला पंचवीस बाट, हा दर इतका अढळ मानला जाई की व्यापारी त्याला निसर्गनियमच समजू लागले होते. देशात कर्जावर व्याज जबर आणि परदेशात ते हलके. तेव्हा परदेशातून डॉलर उचलावे, त्यांचे बाट करून देशात चढ्या व्याजाने द्यावे आणि मधला फरक खिशात टाकावा, हा उद्योग सर्वांनाच निर्धोक वाटला. १९९३ मध्ये बँकॉकला आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहारांची खास सवलत-व्यवस्था सुरू झाल्यावर या उद्योगाला राजमान्यताच मिळाली. आलेला पैसा कारखान्यांत थोडा आणि इमारतींत, जमिनींत, शेअरबाजारात फार गेला. चालू खात्यावरील तूट, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या देवघेवीत पडणारी खोट, १९९५ आणि १९९६ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे आठ टक्क्यांवर पोचली. कर्जांची मुदत बहुधा वर्षाच्या आतली, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या इमारतींचे उत्पन्न मात्र दहा-पंधरा वर्षांनी हाती यावयाचे, अशी ही विपरीत जोडणी होती.

सट्टेवाल्यांनी बाटवर हल्ले सुरू केले तेव्हा थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने त्या दराची अब्रू राखण्यासाठी आपली परकीय गंगाजळी पणाला लावली. जाहीर आकड्यांत ती भरभक्कम दिसे. पण तीतले वीस अब्जांहून अधिक डॉलर पुढील मुदतीच्या सौद्यांत आधीच गुंतून पडले होते आणि प्रत्यक्ष हाताशी उरलेली रक्कम तीन अब्जांच्या आतबाहेर होती. २ जुलै १९९७ रोजी सरकारने हात टेकले आणि बाट मोकळा सोडला. पुढच्या जानेवारीत डॉलरला पंचावन्नाहून अधिक बाट मोजावे लागत होते. ज्याने एक लाख डॉलरचे कर्ज काढले होते, त्याच्या वहीत पंचवीस लाख बाटचे देणे होते; त्याने एक पैसाही नव्याने न घेता, काही उधळपट्टी न करता, ते देणे सहा महिन्यांत दुपटीहून अधिक झाले. त्या वर्षअखेर छप्पन्न वित्तसंस्था कायमच्या बंद झाल्या.

येथवरची कथा एका देशाच्या चुकीची आहे. ती शेजाऱ्यांची कथा कशी झाली, हे समजण्यासाठी आपल्याकडच्या जुन्या सावकारीची आठवण पुरेशी आहे. गावातल्या एका कुळाने हात वर केले, की सावकार त्या एकाच्या दारात जप्ती घेऊन जाऊन थांबत नसे; त्याच पट्ट्यातल्या, तीच जमीन कसणाऱ्या, तोच पाऊस पाहणाऱ्या सगळ्या कुळांचे रोखे तो पेटीतून बाहेर काढी आणि ज्यांनी आजवर एकही हप्ता चुकवला नाही त्यांच्याकडेही मुदतीआधी तगादा लावी. न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोच्या बँकांनी नेमके हेच केले. मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि थायलंड ही चार स्वतंत्र राष्ट्रे आहेत, त्यांचा इतिहास, धर्म, राज्यपद्धती आणि हिशेब वेगवेगळे आहेत, हा विवेक करावयास त्या पेढ्यांवर बसलेल्या माणसांजवळ वेळ नव्हता. त्यांच्या कागदावर तो सारा प्रदेश एका नावाखाली नोंदलेला होता. ११ जुलैला फिलिपिन्सचा पेसो सुटला, १४ ऑगस्टला इंडोनेशियाचा रुपिया. भीती एकदा धनकोच्या मनात शिरली, की ऋणकोचे चारित्र्य विचारात घेतले जात नाही. आणि सगळेच एकदम वसुलीला आले म्हणजे जो खरोखर सावरला असता तोही बुडतो, म्हणून ती भीती स्वतःलाच खरी करून दाखवते.

संकट पसरण्याची दुसरी वाट व्यापाराची. हे देश साधारण एकाच प्रकारचा माल, म्हणजे कापडचोपड, विजेची उपकरणे, संगणकाचे भाग, एकाच गिऱ्हाइकाला विकत होते. शेजाऱ्याचे चलन निम्म्यावर आले, की त्याचा माल निम्म्या किमतीत बाजारात उभा राहतो, आणि ज्याने आपले चलन नेटाने सांभाळले त्याचाच माल पडून राहतो. शहाणपणाने वागणाऱ्यालाच दंड बसावा, अशी ही परिस्थिती होती.

इंडोनेशियाची दुर्दशा सर्वांत दारुण झाली, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही. थायलंडच्या पतनापूर्वी त्या देशाकडे सारे जग कौतुकाने पाहत होते. अंदाजपत्रक जवळजवळ समतोल, महागाई आटोक्यात, दारिद्र्य घटते. डॉलरला सुमारे २,४०० रुपिया हा दर जानेवारी १९९८ मध्ये पंधरा हजारांच्या पलीकडे गेला. १ नोव्हेंबर १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सल्ल्याने सोळा बँका एकाच दिवशी बंद करण्यात आल्या. ठेवीदारांच्या संपूर्ण रकमेची हमी मात्र तेव्हा कुणी दिली नव्हती, त्यामुळे उरलेल्या बँकांच्या दारांतही लोकांनी रांगा लावल्या. नाणेनिधीचा हेतू शुद्ध असेल, परंतु रोग्याची प्रकृती न पाहता ठरीव औषध देण्याची ही रीत होती. निधीची औषधयोजना ही उधळ्या सरकारांसाठी बेतलेली होती: खर्च कमी करा, व्याज वाढवा, अनुदाने काढा. इथे तर सरकारे उधळी नव्हतीच. कर्ज खासगी व्यापाऱ्यांचे होते आणि व्याज वाढविल्याने तेच व्यापारी आणखी खोल गेले. १५ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो खाली वाकून निधीच्या करारावर सही करीत आहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू हाताची घडी घालून त्यांच्या मागे उभे आहेत, हे छायाचित्र जगभर छापले गेले. वसाहतीचे राज्य अनुभवलेल्या कोणत्याही आशियाई माणसाला ते पाहून जे वाटले असेल, ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मे महिन्यात इंधनाचे भाव वाढले, जाकार्तात दंगली उसळल्या, चिनी वंशाच्या नागरिकांची दुकाने आणि घरे जाळली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि २१ मे रोजी तीन दशकांहून अधिक काळ टिकलेली सुहार्तोंची राजवट संपली. त्या एका वर्षात देशाचे उत्पन्न सुमारे तेरा टक्क्यांनी आकुंचन पावले. हुकूमशाही गेली हे इष्टच झाले. पण तिच्या जाण्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांनी डॉलरचे कर्ज कधी काढले नव्हते.

आणखी एका देशाचा उल्लेख या प्रकरणात क्वचितच होतो. तो म्हणजे लाओस. लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास, समुद्रकिनारा नाही, शेअरबाजार नाही, न्यूयॉर्कच्या बँकांचे म्हणण्याजोगे कर्जही नाही. म्हणजे ज्या वाटांनी संकट येते म्हणून वर सांगितले, त्यांपैकी कोणतीच उघडी नाही. तरीही आघात झालाच, कारण त्या देशाचे सारे बाहेरचे जीवन थायलंडच्या आश्रयाने चालले होते: बाजारात थाई माल, बाजारहाटात थाई बाट, गुंतवणूक करणारे थाई व्यापारी, आणि नाम न्गुम धरणावर होणारी वीज विकत घेणाराही थायलंडच. व्हिएन्टिआनजवळ मेकाँग नदीवर १९९४ मध्ये मैत्रीचा पूल झाला होता; १९९७ च्या २३ जुलैला, म्हणजे बाट कोसळल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, लाओस मोठ्या आशेने ‘आसिआन’ या राष्ट्रसमूहात दाखल झाला. त्याचे चलन किप डॉलरला हजाराच्या आत होते, ते १९९९ मध्ये सात हजारांच्या घरात गेले. महागाईने त्या वर्षी शंभरी ओलांडली. थायलंडची विजेची मागणी मंदावल्याने नाम थेउन नदीवरील मोठा विद्युतप्रकल्प रखडला तो रखडलाच. त्यातून वीज वाहू लागली ती २०१० मध्ये. लाओसच्या सरकारने कालवे खणण्यासाठी नोटा छापून महागाईत स्वतःची भर घातली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मूळ घाव थाई बाटचाच होता. लहान देश केवळ शेजाऱ्याच्या अंगणात राहतो म्हणूनही पोळतो, याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

कोरिया हा लहान देश म्हणता येणार नाही, पण त्याच्या संकटाचा आरंभ एका पोलाद-कंपनीपासून झाला, हे भिलाईकरांना लक्षणीय वाटेल: हान्बो ही कंपनी सुमारे सहा अब्ज डॉलरच्या कर्जाखाली जानेवारी १९९७ मध्येच दिवाळखोर झाली होती. नोव्हेंबरात कोरियाने नाणेनिधीकडे हात पसरला, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी सुमारे पस्तीस लाख नागरिकांनी घरातल्या अंगठ्या, साखळ्या, पदके आणून दिली. २२७ टन सोने गोळा झाले. मलेशियाने उलट मार्ग धरला. पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये परकीय पैशाच्या येण्याजाण्यावर निर्बंध घातले आणि रिंगिटचा दर डॉलरला ३.८० असा बांधून टाकला. त्या वेळी त्यांच्यावर पंडितांनी टीकेचा भडिमार केला. पण मलेशिया त्यामुळे बुडाला नाही, आणि नाणेनिधीनेही पुढे अशा निर्बंधांविषयीची आपली कडक भूमिका सौम्य केली.

आता पुन्हा पोलादाकडे. दशकभर आकाशाला भिडणाऱ्या इमारतींसाठी आग्नेय आशिया लोखंडी सळ्या आणि पत्रे गिळत होता. १९९८ मध्ये बांधकामे अर्धवट सोडली गेली. जपान आणि कोरियाच्या भट्ट्या मात्र एका दिवसात विझवता येत नाहीत, तेव्हा त्यांचा माल नवीन गिऱ्हाईक शोधीत जगभर हिंडू लागला. त्यातच गुंतवणूकदारांची धास्ती रशियापर्यंत पोचली आणि १७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियाने रूबलचे अवमूल्यन करून आपल्या कर्जफेडीस स्थगिती दिली. रशियन पोलाद त्यामुळे मातीमोल भावाने बाहेर पडू लागले. ज्या देशाशी, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाशी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहिला, ज्याच्या तंत्रज्ञांनी येथील पहिली झोतभट्टी पेटवण्यास साह्य केले, त्याच देशाचे पोलाद आता भिलाईच्या पोलादाचा भाव पाडीत होते. यात कुणाचा द्वेष नव्हता, संकटात सापडलेला जो तो हाती असेल ते विकत होता. डिसेंबर १९९८ मध्ये भारत सरकारने आयात पोलादाच्या काही प्रकारांसाठी किमान किमती ठरवून दिल्या, अमेरिकेनेही आयातीवर जादा शुल्क बसवले.

भिलाईला त्यातल्या त्यात आधार होता तो रेल्वेचा. रुळांसारखे हुकमी गिऱ्हाईक असलेले उत्पादन हाती असल्यामुळे हा कारखाना सेलच्या इतर कारखान्यांच्या मानाने तगून राहिला. परंतु संस्था एकच. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, नवी भरती आखडली. मोहन नगरासारख्या वस्त्यांत, जिथे भोसल्यांच्या अंमलापासून या मुलखात रुजलेली आणि कारखान्याच्या भरतीबरोबर विदर्भातून आलेली मराठी घरे छत्तीसगढी शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून नांदतात, तिथे ‘मुलगा बापाच्या मागे कारखान्यात लागेल’ हे गृहीत ज्या वर्षांत डळमळले, ती ही वर्षे. रायपूर-भिलाई पट्ट्यातील लोखंड पुन्हा लाटणाऱ्या लहान गिरण्यांना तर रेल्वेसारखा आधारही नव्हता.

भारत स्वतः का वाचला? आपण फार शहाणे होतो असे म्हणवत नाही. १९९१ मध्ये जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवावे लागले होते, त्या अपमानाची ठेच ताजी होती. म्हणून अल्पमुदतीची परकीय कर्जे आपण मोजून-मापून घेत होतो. १९९७ मध्ये ती आपल्या गंगाजळीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास होती, तर थायलंड, इंडोनेशिया आणि कोरियात ती गंगाजळीहूनही अधिक होती. योग असा, की भांडवलाच्या खात्यावर रुपया तीन वर्षांत पूर्णपणे परिवर्तनीय करावा, अशी शिफारस करणारा तारापोर समितीचा अहवाल बाट कोसळण्याच्या सुमारे महिनाभर आधीच सादर झाला होता. अहवालात सावधगिरीच्या अटी पुष्कळ होत्या, पण पूर्वेकडचा वणवा पाहून तो वेळापत्रकासकट बाजूला ठेवला गेला. रुपया डॉलरला सुमारे छत्तीसवरून वर्षभरात बेचाळीसच्या पुढे उतरला, इतकेच.

मात्र रुपया उतरला म्हणजे एकटा भारत उतरत नाही. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे, भूतानचे न्गुलत्रुम तर बरोबरीने. आपण थायलंडच्या जागी आणि भूतान लाओसच्या जागी, अशी कल्पना क्षणभर करून पाहावी; तोही जलविद्युत विकतो, त्याचेही मुख्य गिऱ्हाईक एकच. २०१२ मध्ये भूतानला भारतीय रुपयांचीच टंचाई पडली आणि आयात व कर्जे यांवर निर्बंध घालावे लागले. ही बातमी आपल्या वृत्तपत्रांत किती ठिकाणी आली असेल? मोठ्या शेजाऱ्याने लहान शेजाऱ्याच्या अडचणीकडे लक्ष न देणे हा अपराध नव्हे असे आपण मानतो, आणि ते मला क्लेशदायक वाटते.

२०२२ मध्ये हेच प्रकरण आपल्या दाराशी आले. १२ एप्रिलला श्रीलंकेने आपल्या इतिहासात प्रथमच परकीय कर्जफेड थांबवीत असल्याचे जाहीर केले. २०१९ चे ईस्टरचे बॉम्बस्फोट, करोनाने बंद पाडलेले पर्यटन, अविचाराने केलेली करकपात, रासायनिक खतांवरील आकस्मिक बंदी आणि डॉलरच्या रोख्यांवर उभारलेला डोलारा, या सर्वांचा तो परिपाक होता. सप्टेंबरात महागाई सत्तर टक्क्यांना टेकली. लगेच धनकोंची नजर नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश यांच्याकडे वळली. युक्रेनच्या युद्धाने तेल महाग झालेले होतेच. नेपाळने त्याच एप्रिलमध्ये मोटारगाड्या व चैनीच्या वस्तूंची आयात रोखली. बांगलादेशाने जुलैत नाणेनिधीकडे अर्ज केला. तरी याच बांगलादेशाने आदल्या वर्षी श्रीलंकेला वीस कोटी डॉलर हातउसने दिले होते, आणि २०२३ मध्ये श्रीलंकेने ते फेडले. भारताने इंधन, औषधे व धान्य यांसाठी एकंदर सुमारे चार अब्ज डॉलरचे साह्य केले, ते नाणेनिधीचा पहिला हप्ता मिळण्याच्या पुष्कळ आधी.

पूर्वेकडील राष्ट्रांनी आपल्या अनुभवातून एक व्यवस्था निर्माण केली. जपानने सप्टेंबर १९९७ मध्येच आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली होती. अमेरिकेच्या विरोधाने ती मागे पडली. परंतु मे २००० मध्ये थायलंडमधील च्यांग माई येथे आसिआन राष्ट्रे, चीन, जपान आणि कोरिया यांनी अडचणीच्या वेळी परस्परांना डॉलर पुरवण्याचा करार केला, २०१० मध्ये त्याचे १२० अब्ज डॉलरच्या सामाईक व्यवस्थेत रूपांतर झाले आणि पुढे ती रक्कम दुप्पट झाली. या व्यवस्थेचा प्रत्यक्ष वापर झालेला नाही, आणि मोठ्या रकमेसाठी तिच्यातही नाणेनिधीची संमती लागते. तरी धनको तगाद्याला निघण्यापूर्वी तिचा विचार करतो, हाच तिचा उपयोग.

आपल्या प्रदेशात असा सामाईक निधी नाही. आहे ती रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून ‘सार्क’ देशांसाठी ठेवलेली दोन अब्ज डॉलरची चलन-अदलाबदलीची सोय. तीत २०२४ मध्ये पंचवीस हजार कोटी रुपयांची स्वतंत्र रुपया-खिडकी जोडली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, पर्यटकांच्या डॉलरवर जगणाऱ्या आणि वस्तीने भिलाई-दुर्गच्या जोडशहराहूनही लहान असलेल्या मालदीवला तीतून चाळीस कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपये उपलब्ध करून देण्यात आले. संबंध तेव्हा काही काळ बिघडलेले असूनही ही मदत दिली गेली, तीही मालदीवचे रोखे बुडीत निघण्यापूर्वी, आणि काठमांडू-थिंफूपर्यंत कुणाला तगादा लागण्यापूर्वी.